सोबत किती पैसे आहेत?

१० एप्रिल २०२५, गुरुवार

लेक अनया आणि जावई शिव कामावर गेल्यावर बॅग भरली. परवा शनिवारी शिव मला गाडीने विंडसरला सोडणार आहे. विंडसर कॅनडात आहे, पण इथून, ॲन आर्बरहून, तासाभराचाच रस्ता. डेट्रॉइटपर्यंत जायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा, की आलं. नागपूरहून वर्ध्याला जाऊन यावं तसं.

तिथे नंदा राहते. माझी धाकटी बहीण. सत्तावन्न वर्षांची आहे, इस्पितळात नर्स आहे, लग्न केलं नाही. २ मेला तिच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. फोनवर म्हणाली होती, "जमलं तर एक तारखेला ये, ताई. महिनाभर राहा. नाही जमलं तरी इथे सोय होते." मी ठरवलं, तीन आठवडे आधीच जायचं आणि दोन महिने राहायचं. एकट्या बाईचं घर, आधी कोणी लावून द्यायला नको का? तिला तसं कळवलं तर म्हणाली, "ये बापा, यायचंच असेल तर."

नंदाचं बोलणं असंच तुटक. १९९३ मध्ये पोस्टात एक गोष्ट झाली, तेव्हापासून तिने मनात अढी धरली आहे. मी काउंटरवर होते आणि नियमाने वागले. छत्तीस वर्षं बचत खात्याच्या काउंटरवर काढली, एकदाही मेमो मिळाला नाही. घरच्यांना याचं काही नसतं.

कॅनडाचा व्हिसा अनयाने जानेवारीतच ऑनलाइन अर्ज करून मिळवून दिला. मला फक्त बोटांचे ठसे द्यायला जावं लागलं. बॅगेत दोन स्वेटर, मेतकूट, भाजणी, नंदासाठी दोन सुती गाऊन.

१३ एप्रिल, रविवार

विंडसरला पोचले नाही. सीमेवरून परत पाठवलं. काल लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हते, आज क्रमाने लिहून काढते.

पूल उतरल्यावर टोलनाक्यासारख्या खिडक्या आहेत. आमच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. शिव इथलाच, शिकागोजवळ शॉमबर्गला जन्मलेला, त्याचा अमेरिकेचा पासपोर्ट; त्याला तिने एकच प्रश्न विचारला. मला विचारलं, कुठे, किती दिवस, कशाला? मी सांगितलं, बहिणीचं ऑपरेशन आहे, दोन महिने तिचं सगळं करणार. तिने एक कागद दिला आणि आत ऑफिसात जायला सांगितलं.

आत खुर्च्या, काउंटर, काउंटरला काच. खरं सांगायचं तर ते बघून मला बरंच वाटलं. ही जागा माझ्या माहितीची. पलीकडे पन्नाशीचा एक अधिकारी होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सावकाश बोलत होता. शिव मध्ये बोलायला गेला तर त्याला म्हणाला, त्यांनाच उत्तर देऊ द्या.

"तुमचा इथला खर्च कोण करणार?"

"मी," मी म्हटलं. "आय ॲम पेन्शनर. आय डोंट टेक फ्रॉम माय डॉटर."

हे मी जरा ठसक्यात म्हटलं असावं, कारण शिवने मान खाली घातली.

"सोबत किती पैसे आहेत?"

पर्स उघडून मोजले. एकशे त्रेचाळीस डॉलर आणि पाचशे रुपयांच्या तीन नोटा. कार्ड? एटीएमचं आहे, पण ते भारतातच चालतं. क्रेडिट कार्ड? नाही. बँकेचं स्टेटमेंट? मी म्हटलं, पासबुकं आहेत, तीन. नागपूरला कपाटात.

त्याने चष्मा लावला आणि स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. माझ्या व्हिसाच्या अर्जात लिहिलं होतं की आईचा सगळा खर्च मुलगी करील. अर्जासोबत जोडलेल्या नंदाच्या पत्रात लिहिलं होतं, १ मेपासून चार आठवडे. आणि मी १२ एप्रिलला, दोन महिन्यांसाठी, स्वतःच्या खर्चाने, एकशे त्रेचाळीस डॉलर घेऊन उभी.

"यातलं खरं कुठलं?" त्याने विचारलं. मग अजून एक. "बहीण तुम्हाला या कामाचे पैसे देणार आहे का?"

माझं डोकंच तापलं. पण तापलेल्या डोक्यालाही एक कळत होतं. अर्जात एक, तोंडी एक आणि पुराव्याला काहीच नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही फॉर्म परत सरकवला असता.

तो म्हणाला, मी तुमच्यावर बंदी घालत नाही. आजचं येणं मागे घ्या. कागद एकसारखे करून आणा, खर्चाची सोय दाखवा, कधीही या. मी सही केली आणि आम्ही गाडी वळवली. पुलाच्या या टोकाला अमेरिकेच्या अधिकाऱ्याने शिवला विचारलं, कॅनडात किती वेळ होतात? शिव म्हणाला, "फॉर्टी मिनिट्स, सर."

घरी आल्यावर अनयाला विचारलं, "माझ्या नावाच्या फॉर्मवर हे कोणी लिहिलं?"

"आई, तिथे रकाना होता, हू विल पे. मी माझं नाव टाकलं, माझं स्टेटमेंट अपलोड केलं. सगळे तसंच करतात."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

नंदाला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "कागद कमी पडले होय तुझे?" आणि हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

तीन दिवस विचार केला. मला माझे स्वतःचे कागद हवेत. पेन्शन आहे, ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे आहेत, बचत खातं आहे. माझा खर्च मी दाखवू शकते. नेट बँकिंग मात्र मी कधी घेतलं नाही. समोर काउंटर असताना कशाला हवं, असं म्हणत आले.

आज सकाळी लवकर प्रीताला फोन लावला. प्रीता आता आमच्या ऑफिसची पोस्टमास्तर आहे. २००४ मध्ये माझ्या हाताखाली लागली. पहिल्याच महिन्यात तिने एका म्हाताऱ्या बाईला सही न जुळताच तीनशे रुपये देऊन टाकले होते, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. पण मुलगी चांगली. लगेच आवाज ओळखला.

"मॅडम! अमेरिकेत मजा करून राहिल्या का?"

मी काम सांगितलं. तिन्ही खात्यांच्या शिलकेचं पत्र, इंग्रजीत, शिक्क्यासह, ईमेलने.

"देते ना, मॅडम. पण तुमचा लेखी अर्ज लागेल, मूळ सहीचा. स्कॅन चालत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. तो नियम मी तिलाच शिकवला आहे.

अर्ज लिहिला, सही केली, शिवने दुपारी कुरिअर केलं. सात-आठ दिवस लागतील म्हणाले. म्हणजे २ तारखेच्या आत होतं सगळं.

२० एप्रिल, रविवार

अजून थंडीच आहे. लोक म्हणतात वसंत आला, पण मला झाडांवर तसं काही दिसत नाही.

अनयाने जेवणाच्या टेबलावर सीमेवर दाखवायचं एक छापील पत्र ठेवलं होतं. माझी आई माझ्यावर अवलंबून आहे, असं पहिलंच वाक्य. मी पुढे वाचलं नाही. पत्र घडी करून तिच्या पुस्तकात ठेवून दिलं. तिने ते पाहिलं. हल्ली ती माझ्याशी बोलताना आधी थोडी थांबते. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला यायची तेव्हा थांबायची तशी. कामाचा ताण असेल.

संध्याकाळी भांडी पुसताना शिव म्हणाला, "आई, माझ्या सगळ्या फॉर्म्सवर ट्वेंटी-टू इयर्स डॅडचं नाव होतं. मला कधी इन्सल्ट वाटला नाही."

"तू मूल होतास."

"राइट. आणि तुम्ही आता आई आहात. सेम थिंग, यार." मग त्याला वाटलं आपण सासूला यार म्हणालो. कान लाल झाले त्याचे. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

पण पत्र मी घेणार नाही. प्रीताचं येऊ दे.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी प्रीताचा फोन आला. अर्ज पोचला.

"मॅडम, तुमचा अर्ज मी तीनदा पाहिला. नमुना सहीचं कार्ड काढून शेजारी ठेवून पाहिला. सही जुळत नाही."

गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले तेव्हा उजवं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून पेन नीट धरता येत नाही, सही वाकडी होते, हे खरं. पण मी तिला म्हटलं, "प्रीता, तू मला एकवीस वर्षं ओळखतेस."

"होय ना, मॅडम. माझा जीव तुटून राहिला. पण मी खुर्चीत आहे, कशी देऊ सांगा? तुम्ही स्वतः येऊन नवीन नमुना द्या, नाहीतर तिकडच्या वकिलातीतून सही साक्षांकित करून पाठवा. त्याला तीन आठवडे धरा."

तिचं काहीच चुकलं नाही. मी तिला तसं सांगितलंही. फोन ठेवला आणि खिडकीशी बसून राहिले. अनया कामावर जाताना म्हणाली, "आई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, चहा गार झाला.

२६ एप्रिल, शनिवार

काल दिवसभर एकच वाक्य कानात होतं. प्रीताला मी जे म्हटलं, तेच वाक्य मला एकदा काउंटरच्या पलीकडून कोणीतरी म्हटलं होतं.

हे मी कुठे लिहिलेलं नाही. अनयाच्या बाबांनाही सांगितलं नव्हतं, आणि आता ते नाहीत.

मार्च १९९३, मंगळवार. नंदा पंचवीस वर्षांची होती. मस्कतच्या इस्पितळात नर्सची नोकरी मिळत होती तिला. नागपूरच्या अकरा मुली जाणार होत्या. एजंटकडे त्या दिवशी पाचच्या आत सहा हजार भरायचे होते. पैसे तिचे स्वतःचे, तिच्या पगारातले, माझ्याच ऑफिसातल्या खात्यात. घरी आमच्या बाबांना तिचं जाणं अजिबात मान्य नव्हतं. सकाळी दहाला बाबा ऑफिसात आले आणि काउंटरशी वाकून मला म्हणाले, "आज नंदा येईल. पैसे निघता कामा नयेत."

नंदा दुपारी एकला आली. फॉर्म भरून आणला होता. मी नमुना सहीचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी ठेवलं. रांगेत मागे चारजण होते. मी म्हटलं, "सही जुळत नाही. ओळख पटवायला साक्षीदार आण."

ती म्हणाली, "ताई, तूच तर ओळखतेस मला."

मी म्हटलं, "मी काउंटरवर आहे."

ती बाकावर बसून राहिली. मी बाकीच्यांची कामं केली. चारच्या सुमारास मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. दहा मुली गेल्या. नंदा आणखी दोन वर्षं नागपुरातच खासगी दवाखान्यात राबली, मग दुसऱ्या कोणामार्फत गेली, तिथून कॅनडात. बाबा वारले तेव्हा आली नाही.

सगळे विचारायचे, मीच सगळ्यांना सांगायचे, सही जुळत नव्हती, माझा नाइलाज होता. इतक्यांदा सांगितलं की मलाही तसंच आठवायला लागलं होतं. या वहीच्या पहिल्या पानावरही मी नियमाने वागले असं लिहिलंय.

सही जुळत होती. दोन्ही सह्या अगदी एकसारख्या होत्या.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी अनया आणि शिव किराणा आणायला गेले. घरात कोणी नव्हतं. नंदाला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण वाचलंच नाही.

"नंदा, त्या दिवशी तुझी सही जुळत होती."

तिच्या घरात कुठेतरी रेडिओ चालू होता, तो तिने बंद केला.

"मला माहीत आहे, ताई. माझी सही मला माहीत नसेल?"

"बाबा सकाळी आले होते."

"तेही माहीत आहे. मी आले तेव्हा ते समोरच्या पानठेल्यावर उभे होते, पोस्टाकडे बघत."

हे मला आजवर माहीत नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. मग थांबणंही सुटलं." तिने श्वास घेतला. नर्सच्या आवाजात म्हणाली, "आता रडू नको, मला ऑपरेशनआधी सर्दी नको आहे फोनमधून. अनयाचं पत्र घे आणि ये. तिथे तोरा दाखवू नको."

संध्याकाळी अनयाला म्हटलं, "ते पत्र आहे का अजून?" तिने पुस्तकातून काढून दिलं. घडी मीच घातलेली होती. यावेळी शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की माझ्या आईने मला एकटीच्या पगारावर शिकवलं, आता ही जबाबदारी मी आनंदाने घेते आहे. तिचे बाबा अंथरुणाला खिळल्यापासूनची ती सहा वर्षं. तिच्या लक्षात असतील असं वाटलं नव्हतं.

"मनगटामुळे सही वाकडी होते," मी म्हटलं, "नाहीतर प्रीताने दिलं असतं."

"हो, आई," ती म्हणाली.

३० एप्रिल, बुधवार

हे नंदाच्या घरातून लिहिते आहे. पोचले.

शिवने सुट्टी घेतली. यावेळी फाइलमध्ये सगळं क्रमाने लावलं होतं. अनयाचं पत्र, तिची तीन महिन्यांची स्टेटमेंट्स, नंदाचं पत्र, इस्पितळाची तारीख, परतीच्या विमानाचं तिकीट. खिडकीतल्या माणसाने मागच्या वेळेचं स्क्रीनवर पाहिलं असणार. पुन्हा आत पाठवलं. काउंटरवर वेगळी बाई होती, माझ्याच वयाची.

"खर्च कोण करणार?"

"माय डॉटर," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, पुन्हा म्हटलं. "माय डॉटर विल पे. आय ॲम स्टेइंग विथ माय सिस्टर. फोर वीक्स." पत्र पुढे सरकवलं.

तिने सगळं वाचलं. कागद पालटायची तिची पद्धत चांगली होती, कोपरा न दुमडता. मग तिने विचारलं, "तुमचे स्वतःचे काही पैसे आहेत?"

"यस," मी म्हटलं. "बट आय कॅनॉट प्रूव्ह."

ती माझ्याकडे बघून जराशी हसली आणि शिक्का मारला.

नंदा दारात काठी धरून उभी होती. दोघींनाही एकमेकींना कसं धरायचं ते सुचेना. शेवटी तिने माझ्या हातातली बॅग घ्यायचा प्रयत्न केला, आणि मी तिला रागावले, आणि मग ठीक झालं.

९ मे, शुक्रवार

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी घरी सोडलं.

मी समजत होते तिला माझी गरज लागेल. तिच्या स्वयंपाकघरात प्रत्येक गोष्ट हाताला येईल अशी आहे, फ्रीजमध्ये तारखा घालून डबे ठेवलेले. नर्स असल्यामुळे तीच मला हुकूम सोडते. मोजे असे घाल, उशी तशी नाही, पाय ओढू नको. मी काल विचारलं, "मग मला बोलावलंस कशाला?"

"बघायला," ती म्हणाली. "येतेस का ते."

१४ जून, शनिवार. ॲन आर्बर

चार आठवडे संपल्यावर ठरल्याप्रमाणे परत आले. काल शिव जाऊन नंदाला घेऊन आला. आठ दिवस राहणार आहे. ती कॅनडाची नागरिक, तिला पुलावर काही विचारलं नाही म्हणे. "वेलकम, म्हणाला मला," हे तिने तीनदा सांगितलं.

अनया इथे येऊन चार वर्षं झाली. मावशी तासाभरावर. दोघी सणावारी फोनवर बोलायच्या, पण गेलं कोणीच नाही. आमच्या घरात हे असं का झालं, ते अनयाने मला कधी विचारलं नव्हतं.

आज दुपारी मागच्या अंगणात चहा घेत बसलो होतो. आता कुठे झाडं भरली आहेत. अनया मावशीला एकेक विचारत होती. परिचारिकेचं शिक्षण कुठे, कॅनडात पहिली नोकरी कुठली. मग म्हणाली, "मावशी, तू आधी मस्कतला जाणार होतीस ना? का नाही गेलीस?"

नंदाने कपातून घोट घेतला. "अगं, पैसे भरायचा शेवटचा दिवस होता, आणि नेमकं त्या दिवशी पोस्ट बंद. राहिलं ते राहिलंच."

"बॅड लक," शिव म्हणाला.

नंदाने माझ्याकडे पाहिलंही नाही. चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती.

"पोस्ट बंद नव्हतं," मी म्हटलं.

"राहू दे, ताई."

"उघडं होतं. मंगळवार होता. काउंटरवर मी होते."

अनयाने कप खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं, बाबा सकाळी आले तिथपासून बाक रिकामा दिसला तिथपर्यंत. मराठीतच सांगितलं, पण शिवलाही सगळं कळलं असावं. सांगून झाल्यावर अनयाने माझ्यावरची नजर काढून नंदाला विचारलं, "मावशी, तू आईला माफ केलंस?"

नंदाने विचार केला. खरंच विचार केला, उगाच बोलायचं म्हणून नाही.

"अजून सात दिवस आहे मी इथे," ती म्हणाली. "बघते." आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला. मी उठून चहा टाकायला आत गेले.